टोकियोत मध्यरात्र, बंगळुरूत साडेआठ!

जपानी अॅनिमे (अॅनिमेशन), मांगा (चित्रकथा) आणि त्यांच्या चाहत्यांवर लिहिणाऱ्यांच्या दुनियेतल्या चटपटीत आणि खऱ्याखुऱ्या गोष्टी

"कार्टून बघून कुणाचं पोट भरलंय का?" नववी-दहावीतल्या मुलांनी हा प्रश्न घरोघरी ऐकलेला असतो. नुसतं बघून भरत नाही, हे खरंच. पण जे पाहिलं त्याबद्दल अभ्यासून, नेमकं आणि वेळेवर लिहिता आलं, तर भरू शकतं. क्रिकेटवर लिहिणारे असतात, सिनेमावर लिहिणारे असतात, तसे जपानी पॉप कल्चरवर लिहिणारेही आता आपल्याकडे आहेत. बातम्या, समीक्षा, मुलाखती, कॉस्प्लेचे (म्हणजे पात्रांसारख्या वेशभूषेचे) वृत्तांत, सबटायटल्सची तपासणी असं बरंच काही मिळून हे करिअर उभं राहतं. बंगळुरू हे त्यासाठी फार सोयीचं गाव. का, ते पुढे वाचाच.

१. बंगळुरूचा कंडक्टर, टोकियोचा महाराजा

शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळुरू. घर मराठी, नोकरी बस कंडक्टरची. हेच पुढे रजनीकांत झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जपानला त्यांचं वेड कुणी लावलं? जुन एदोकी या चित्रपट समीक्षकानं! सिंगापूरमध्ये 'मुथू' (१९९५) त्यांच्या पाहण्यात आला आणि तो जपानला न्यायचाच, असा त्यांनी ध्यास घेतला. १९९८ मध्ये हा चित्रपट टोकियोच्या शिबुया भागातल्या 'सिनेमा राइझ' थिएटरात लागला आणि २३ आठवडे चालला. डॉ. मनमोहन सिंग यांनी २००६ च्या जपान दौऱ्यातल्या भाषणात त्याच्या लोकप्रियतेचा उल्लेख केला. एका समीक्षकाची आवड कुठवर पोचते, याला आणखी दाखला कशाला हवा?

२. तिकडून इकडे लिहिणाऱ्या तामाकीबाई

आपण जपानवर लिहितो, तसं जपानमधून आपल्यावर लिहिणारंही कुणी आहे. तामाकी मात्सुओका या ओसाकात हिंदी शिकल्या आणि भारतीय सिनेमावर कित्येक दशकं लिहीत राहिल्या. '३ इडियट्स' जपानी प्रेक्षकांनी वाचला तो त्यांनी केलेल्या सबटायटल्समधून. लेखन, अनुवाद, व्याख्यानं, सबटायटल्स हे सगळं त्यांनी एकाच आवडीतून उभं केलं. बंगळुरूतल्या नवख्या लेखकानं आदर्श शोधायचा तर हा डोळ्यांसमोर ठेवावा. आधी भाषा शिकायची, मग वर्षानुवर्षं एकाच विषयाला चिकटून राहायचं.

३. रविवारची रात्र कामाची

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. 'शोनेन जंप' हे आजचं मांगा साप्ताहिक १९६८ मध्ये सुरू झालं. १९९४ च्या अखेरीस त्याच्या एका अंकाच्या तब्बल ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या. त्यातल्या मालिकांची नवी प्रकरणं शुएइशा ही प्रकाशन संस्था २०१९ पासून 'मांगा प्लस' अॅपवर इंग्रजीतही देते. जपानमध्ये सोमवार उजाडण्याआधीच, मध्यरात्रीच्या ठोक्याला. म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला!

त्यामुळे बंगळुरूत बाकीचे जेवायला बसतात, तेव्हा या लेखकाच्या मांडीवर लॅपटॉप असतो. त्यातल्या 'वन पीस' या मांगाचं वीसेक पानांचं प्रकरण एकदा भरभर वाचायचं, दुसऱ्यांदा सावकाश. कुठलं पात्र किती वर्षांनी परतलं, ते जुन्या प्रकरणांत जाऊन तपासायचं. मथळा असा द्यायचा, की ज्यानं अजून वाचलेलं नाही त्याचा रसभंग होऊ नये. १९९७ पासून चाललेल्या गोष्टीबद्दल लिहिताना एक तपशील चुकला, तर चाहते दहा मिनिटांत दाखवून देतात. असा जागरूक वाचक फार थोड्या पत्रकारांना मिळतो.

४. पंचवीस वाजून तीस मिनिटं

जपानी टीव्हीच्या वेळापत्रकात रात्री उशिराच्या अॅनिमेची वेळ कधी कधी २५:३० अशी छापतात. चूक नव्हे, तशी पद्धतच आहे. मध्यरात्र उलटली तरी तो कार्यक्रम आदल्या दिवसाचाच धरतात. म्हणजे 'शनिवार २५:३०' म्हणजे खरं तर रविवारी पहाटे दीड, आणि बंगळुरूत शनिवारचे रात्रीचे दहा. हे गणित ज्याला तोंडपाठ नाही, त्याची तारीख चुकते. या धंद्यात तारीख चुकली की बातमी गेलीच.

५. चार हंगामांची पिकं

शेतकऱ्याला जसे खरीप आणि रब्बी, तसे अॅनिमेवर लिहिणाऱ्याला वर्षात चार हंगाम: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. दर हंगामात डझनावारी नव्या मालिका सुरू होतात आणि बहुतेकींचे १२-१३ भाग होऊन त्या संपतात. त्यामुळे कामही ठरलेलं. हंगामाआधी 'काय बघाल' याची यादी, पहिल्या तीन आठवड्यांत पहिली मतं, शेवटी लेखाजोखा. कामाला तोटा नाही. तोटा असतो तो झोपेला.

६. मासिकाचा संपादक, स्टुडिओचा आधारस्तंभ

तोशिओ सुझुकी १९७२ मध्ये तोकुमा शोतेन या प्रकाशन संस्थेत नोकरीला लागले. १९७८ मध्ये तिथून 'अॅनिमेज' हे अॅनिमेला वाहिलेलं मासिक निघालं आणि सुझुकी त्यात होते. अॅनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या एका चित्रपटाची कल्पना नाकारली गेली, कारण त्यामागे आधीच गाजलेली मांगा नव्हती. मग १९८२ पासून मियाझाकींनी 'नाउसिका' ही मांगाच 'अॅनिमेज'मध्ये लिहायला-काढायला घेतली. १९८४ मध्ये तिचा चित्रपट झाला, १९८५ मध्ये स्टुडिओ घिब्ली उभा राहिला आणि सुझुकी पुढे त्याच स्टुडिओचे निर्माते झाले. लेखक-संपादकानं वेळीच गुण ओळखला, म्हणून जगाला 'तोतोरो' मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

७. समीक्षकांनी भरवलेली जत्रा

'कॉमिकेट' ही हौशी मांगाकारांची टोकियोतली जत्रा आज लाखोंची गर्दी खेचते. पहिली भरली २१ डिसेंबर १९७५ ला. तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं. ती सुरू करणाऱ्यांत योशिहिरो योनेझावा हे मांगा समीक्षक होते. २००६ मध्ये ते गेले. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातून टोकियोच्या मेइजी विद्यापीठात २००९ मध्ये त्यांच्या नावाचं ग्रंथालय उघडलं. 'कॉस्प्ले' हा शब्दही एका लिहिणाऱ्यानंच रुळवला. १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी 'माय अॅनिमे' मासिकातल्या लेखात तो वापरला. चाहत्यांच्या दुनियेत लेखक गर्दीच्या मागून चालत नाही, पुष्कळदा तो पुढेच असतो.

८. चिकपेटचं कापड, एसपी रोडचे दिवे

भारतातला कॉमिक कॉन हा कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा फेब्रुवारी २०११ मध्ये जतीन वर्मा यांनी दिल्लीत सुरू केला. बंगळुरूची पाळी आली २०१२ मध्ये. त्याच वर्षी कर्नाटकानं अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी स्वतंत्र धोरण आणलं. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य.

व्हाइटफील्डच्या केटीपीओ प्रदर्शन केंद्रात हा मेळा भरतो, तेव्हा पत्रकारानं काय पाहावं? हातात दीड-दोन मीटरची तलवार घेतलेल्या पोराजवळ जावं. ती तलवार लोखंडाची नसते, फोमच्या शीटची असते. शीट कापून, गरम हवेनं वाकवून, हॉट ग्लूनं चिकटवून, वर रंगाचे थर देऊन ती केलेली असते. झग्याचं कापड चिकपेटच्या गल्ल्यांतून आलेलं, चिलखतातल्या एलईडी आणि तारा एसपी रोडवरून. शिलाई घरच्या मशीनवर, बहुधा आईच्या मदतीनं. "तू कोण झालायस?" हा प्रश्न नवखा विचारतो. जाणकार विचारतो, "हा पोशाख कितव्या भागातला?" आणि मग समोरचा वीस मिनिटं मनापासून बोलतो. चांगला वृत्तांत तिथून सुरू होतो.

या मेळ्यांत आपली माणसंही भेटतात बरं का. मुंबईचे चित्रकार अभिजीत किणी यांची 'अँग्री मावशी' ही कॉमिक कॉनच्या चाहत्यांना चांगली ओळखीची आहे.

९. तट्टे इडलीच्या गावात टोयोटा

बंगळुरूहून म्हैसूरकडे निघालं की बिडदी लागतं. तिथली ताटलीएवढी मोठी 'तट्टे इडली' प्रसिद्ध. याच बिडदीत टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. कंपनी स्थापन झाली १९९७ मध्ये. किर्लोस्कर म्हटलं की मराठी वाचकाला नांगर आठवतो आणि 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकंही. कारखानदारी आणि मासिकं एकाच घरात नांदवणाऱ्या या घराण्याचा बंगळुरूच्या जपानी वळणातही वाटा आहे.

जपानी कंपन्या आल्या, त्यांची माणसं आली, जपानी शिकवण्याचे वर्ग वाढले. २००५ पासून शहरात 'जपान हब्बा' हा उत्सव भरू लागला. इथे कन्नड घरातली मुलं जपानी गाणी म्हणतात, ओरिगामी आणि कॅलिग्राफी चालते, आणि कॉस्प्लेही असतोच. लेखकाला एका दिवसात दहा मुलाखती मिळाव्यात, अशी ही जागा.

१०. मागून पुढे वाचायची पुस्तकं

चर्च स्ट्रीटवरचं 'ब्लॉसम' आणि त्याच रस्त्यावरचं 'बुकवर्म' ही बंगळुरूच्या वाचकांची तीर्थक्षेत्रं. तिथल्या मांगाच्या फळीसमोर शनिवारी उभं राहून बघा. नवखा वाचक पुस्तक आपल्या सवयीनं उघडतो आणि पहिल्याच पानावर थबकतो. अनेक मांगांच्या त्या पानावर चक्क सूचना असते, की तुम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली आहे! मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची. चौकटीही उजवीकडून, संवादाचे फुगेही उजवीकडून. शेजारची बारा वर्षांची मुलगी हे मोठ्या माणसाला समजावून सांगत असते. वाचनाची गोडी कमी झाली म्हणणाऱ्यांनी ती फळी एकदा बघावीच.

११. शेरखानला नानांचा आवाज

'जंगल बुक' ही मालिका जपानी, हे आपल्यापैकी कितीजणांना लहानपणी माहीत होतं? निप्पॉन अॅनिमेशननं ती १९८९ मध्ये ५२ भागांची केली. दूरदर्शनवर १९९३ मध्ये ती हिंदीत आली. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! रविवारी सकाळी अख्खा महाराष्ट्र नकळत अॅनिमे बघत होता.

पुढची देवघेव तर आणखी मजेची. २०१२ मध्ये 'सूरज: द रायझिंग स्टार' आली. जपानमधल्या एका गाजलेल्या बेसबॉल मांगाचा हा क्रिकेटी अवतार, आणि नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला मुलगा. 'निंजा हातोरी'ची नवी मालिका भारतीय कंपनीच्या भागीदारीत झाली, कारण त्याचे चाहते इथे भरपूर. आणि शिनचॅन? २००८ मध्ये सरकारनं त्याच्या प्रसारणावर बंदी घातली, २००९ मध्ये तो परत आला. या विषयावर लिहिणाऱ्याला अॅनिमेबरोबर प्रसारण धोरण, डबिंग आणि पालकांच्या तक्रारी यांचंही ज्ञान लागतं, ते असं.

१२. पन्नास हजार सह्यांचा पाऊस

माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा पावसाचा चित्रपट भारतातल्या थिएटरांत लागावा, म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज केला. पन्नास हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो खरोखर लागला. एप्रिल २०२३ मध्ये 'सुझुमे'च्या वेळी शिंकाई स्वतः मुंबईत आले. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' आला तो जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही, आणि भारतात सर्वाधिक कमाई करणारा अॅनिमे चित्रपट ठरला. सहा वर्षांत सह्यांच्या अर्जापासून हाउसफुल्लच्या पाटीपर्यंतचा हा प्रवास ज्यांनी टिपून ठेवला, त्यांचं लेखन उद्या इतिहास म्हणून वाचलं जाईल.

१३. पत्रकारिता शिकलेली पाहुणी

मार्च २०२४ मध्ये टोकियोतल्या क्रंचीरोल अॅनिमे पुरस्कारांच्या मंचावर भारतातून कोण होतं? कोडगूची अभिनेत्री रश्मिका मंदाना. बंगळुरूच्या एम. एस. रामय्या कॉलेजात ती मानसशास्त्र आणि इंग्रजी साहित्याबरोबर पत्रकारिताही शिकली आहे. बंगळुरूच्या वर्गांत आज पत्रकारिता शिकणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१४. मुळाक्षरं ओळखीची

जपानी शिकायला भीती वाटते? मग हे ऐका. जपानी कानाक्षरांचा आजचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ. पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंनी भारतातून चीनमार्गे आलेल्या सिद्धम लिपीचा अभ्यास केला, त्या संस्कृत वर्णमालेवरून हा क्रम आला. वाक्यरचनाही आपल्यासारखी: कर्ता, कर्म, मग क्रियापद. प्रत्ययही शब्दाच्या मागेच लागतात. मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा जपानी वाक्य जुळवणं सोपं जातं ते त्यामुळे. जेएलपीटी ही परीक्षा एन५ पासून एन१ पर्यंत, पाच पायऱ्यांची. पुण्या-मुंबईप्रमाणे बंगळुरूतही तिचं केंद्र आहे. एन३ गाठलं की जपानी बातमी मुळातून चाळता येते आणि लेखकाचा भाव वाढतो.

१५. सरस्वती घिब्लीच्या शेजारी

टोकियोजवळ मिताका इथे घिब्ली संग्रहालय २००१ मध्ये उघडलं. ते आहे इनोकाशिरा बागेत, आणि त्याच बागेतल्या तळ्याकाठी बेंझाइतेनचं देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती! असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात कांगितेन, म्हणजे गणपतीचं रूप. तिथे नैवेद्याला मोदक नव्हे, पांढरा मुळा. अॅनिमेमध्ये ही दैवतं वारंवार डोकावतात. युरोपीय समीक्षक ज्यासाठी कोश उघडतो, ते मराठी लेखकाला पाहताक्षणी कळतं. ही आपली जमेची बाजू आहे, तिचा लेखनात भरपूर उपयोग करावा.

१६. बातमी चुकली की रामायण घडतं

युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये अलाहाबादजवळ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करत होते. त्याबद्दल एका इंग्रजी दैनिकात आलेल्या वृत्तावरून गैरसमज झाला आणि परक्यांनी रामायणावर चित्रपट करू नये, असं विरोधाचं पत्र जपानी दूतावासात गेलं. साको डगमगले नाहीत. त्यांनी रामायणाची कितीतरी जपानी रूपं वाचली आणि मुंबईचे ज्येष्ठ अॅनिमेटर राम मोहन यांच्यासोबत 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' पूर्ण केला. साल १९९२. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्या झळाळीत भारतातल्या थिएटरांत आला. दोन संस्कृतींमध्ये उभं राहून लिहिणाऱ्यानं प्रत्येक वाक्य दोनदा का तपासायचं, याचा हा धडा.

१७. तोत्तोचान आणि डोरेमॉन एकाच घरचे

तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' (१९८१) मराठी घरांत, शाळांत, शिक्षकांच्या टेबलावर कधीचं पोचलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्यावरचा अॅनिमे चित्रपट जपानमध्ये आला. स्टुडिओ कुठला? शिन-एई अॅनिमेशन, म्हणजे डोरेमॉन आणि शिनचॅन करणारा! रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा ज्यांच्या मनात घर करून आहे, त्या मराठी वाचकांना अॅनिमे परका नाहीच. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, इतकंच.

१८. करिअर करायचंय? मग हे करा

एक: भाग संपला की श्रेयनामावली वगळू नका. दिग्दर्शक, पटकथेची जबाबदारी, पात्ररेखाटन, मूळ मांगाकार ही नावं वहीत टिपा. दोन: अधिकृत ठिकाणीच बघा, वाचा आणि वाचकालाही तिथेच पाठवा. चोरीची प्रत म्हणजे मांगाकाराच्या ताटातला घास. तीन: जपानी नावांत आडनाव आधी येतं हे लक्षात ठेवा आणि एका लेखात एकच पद्धत पाळा. चार: चाहत्याला हसू नका. जो माणूस तीन महिने फोम कापत बसतो, त्याच्या कष्टांची कदर करा.

आणि एक विनंती मराठी संपादकांना. आपल्या दिवाळी अंकांत पाककृतींपासून परग्रहांपर्यंत सगळं असतं. मग येत्या अंकात अॅनिमे-मांगासाठी चार पानं का नसावीत? लिहिणारे मिळतील. बंगळुरूत मिळतील, पुण्यात मिळतील, कोल्हापूर-बेळगावातही मिळतील. वाचकहो, तुमच्याही घरात एखादा असेल. "कार्टून बंद कर" म्हणण्याऐवजी त्याला एकदा म्हणून बघा, "जे पाहिलंस त्यावर मला आठशे शब्द लिहून दे. मराठीत." आणि लिहून दिलं की मनापासून वाचा.